रुग्णशय्येपाशी होणारे संशोधन



आपल्यासारख्या शास्त्रज्ञ मंडळींचे स्वागत करण्याचा अधिकार वस्तुतः एखाद्या धन्वंतरीचा; परंतु ज्याच्या अंगणात मांडव पडतो त्यानेच उंबरठ्यावर उभे राहावे हा लौकिक रिवाज प्रमाण मानून स्वागतसमितीने निम्मे आयुष्य शाळेच्या फळ्यापुढे आणि निम्मे उसाच्या सरींत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या गळ्यात ही माळ घातली, आणि मीही, असा मान नाकारण्याइतका विरक्त नसल्यामुळे, ती मुकाट्याने घालून घेतली. हे कागल म्हणजे घाटग्यांच्या जुन्या जहागिरीचे गाव. याच घराण्यातील यशवंतराव १८८४ साली दत्तकविधानाने कोल्हापूरच्या गादीवर गेले आणि राजर्षी शाहू छत्रपती म्हणून लोकांच्या स्मरणात राहिले. दूधगंगेच्या पाण्यावर पोसलेल्या आणि गैबी पिराच्या उरुसात सर्व जातिधर्मांची माणसे एकत्र आणणाऱ्या या गावाच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या प्रारंभीच प्लेगने हा सारा मुलूख ग्रासला. गाव ओस पाडून माळावर झोपड्या घालून राहावयाचे, याहून भरवशाचा इलाज तेव्हा रयतेजवळ नव्हता. त्याच सुमारास मुंबईस, ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत, वाल्डेमार हाफकिन नावाचा एक परदेशी शास्त्रज्ञ प्लेगची लस सिद्ध करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता, पुढे आलेल्या कैद्यांस टोचून, टोचलेले किती आजारी पडले आणि न टोचलेले किती, याचा चोख हिशेब मांडला. बंदिवानाच्या संमतीस स्वेच्छा कितपत म्हणावे, हा प्रश्न आज आपण विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु दोन गट समोरासमोर ठेवून मोजदाद केल्यावाचून औषधाचा गुण मान्य करावयाचा नाही, ही शिस्त या देशात रुजू लागली ती अशा प्रसंगांतून, हेही विसरता येत नाही.

मला आज आपणांपुढे जे निवेदन करावयाचे आहे, ते याच मोजदादीविषयी आहे. आमच्या भागातील जुना गुळव्या काहिलीतील रसाचा नुसता बुडबुडा पाहून पाक उतरविण्याची घटका अचूक सांगत असे. पण त्याचे ते कसब त्याच्याबरोबरच सरणावर गेले, कारण त्याने ते कोठे लिहून ठेवले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. चाळीस वर्षे एकाच पेठेत दवाखाना चालविणाऱ्या कित्येक अनुभवी डॉक्टरांची गत याहून वेगळी झाली नाही. संशोधन म्हटले की मुंबई-पुण्याची भव्य इमारत, काचेची नळकांडी आणि सरकारी अनुदानाचे कागद डोळ्यांपुढे उभे राहतात. तालुक्याच्या रुग्णालयाने रोगी तपासावेत, औषध द्यावे, जमल्यास बरे करावे आणि शोध लावण्याची उठाठेव थोरामोठ्यांवर सोपवावी, अशी एक वाटणी आपण मनोमन करून टाकली आहे. ही वाटणी चुकीची आहे, असे माझे नम्र परंतु ठाम मत आहे.

याचा ढळढळीत दाखला सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर, महाडास आहे. १९७६ साली जालना जिल्ह्यातील एका गरीब घरातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेल्या मनुष्याची, विशेषतः लहान मुलाची, आशा सोडण्याचीच वहिवाट होती. मांत्रिकाकडून विंचू उतरवून घ्यावयाचा, आणि तो न उतरला तर रोग्यास शेवटच्या घटकेस दवाखान्यात आणावयाचे. ग्रंथांतून या दंशाविषयी फारसे काही सापडेना, म्हणून या तरुण डॉक्टरने रोग्याच्या खाटेशेजारीच ठाण मांडले. दंशानंतर किती वेळाने ओकारी झाली, दरदरून घाम केव्हा फुटला, हातपाय गार केव्हा पडले, रक्तदाब किती चढला आणि फुप्फुसांत पाणी भरून फेस केव्हा येऊ लागला, याची तासातासाची टिपणे त्यांनी रात्रंदिवस जागून ठेवली. त्या टिपणांतून निष्पन्न झाले ते असे की रोगी विषाने सरळ मरत नाही. विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे उघडीच राहतात, शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या दाबाविरुद्ध झुंजता झुंजता हृदय थकते. या प्रारंभीच्या लक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

निदान कळले तसा इलाजही त्या निदानाच्या पोटातूनच निघाला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी बाजारात होतीच. ती विंचूदंशास लागू पडते हे त्यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकातून जगापुढे मांडले. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांपैकी तीसएक दगावत. वेळेवर ही गोळी मिळू लागल्यापासून ते प्रमाण शेकड्यास एकाच्या आसपास आले. तितकेच मोलाचे काम असे झाले की ॲट्रोपिन, स्टेरॉइड वगैरे जी औषधे केवळ सवयीने टोचली जात होती, ती निरुपयोगी किंवा अपायकारक असल्याचे ध्यानात आले. काय द्यावे हे सांगणाऱ्या शोधाचा गाजावाजा होतो. काय देऊ नये हे सांगणाऱ्या शोधाचे उपकार मात्र कोणी मानीत नाही. पुढे डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडमध्येच सत्तर रोग्यांचे दोन गट करून प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास काय होते याची परीक्षा केली. दोन्ही उपाय मिळालेल्या पस्तिसांपैकी बत्तीस, तर नुसत्या गोळीवरच्या पस्तिसांपैकी आठ रोगी ठरावीक कसोटीनुसार लवकर बरे झाले. ती परीक्षा २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. ना मोठे विद्यापीठ, ना मोठी प्रयोगशाळा. रोगी, घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि वही एवढ्याच सरंजामावर हे सारे घडले.

मोठ्या रुग्णालयांचे ऋण मी नाकारीत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना सर्पगंधा देऊन आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक असलेल्या मुळीला आकड्यांचा आधार मिळवून दिला. आणि तंबाखूच्या या पट्ट्यात, जेथे निपाणीची पेठ जवळ आणि मिश्रीची डबी त्याहून जवळ, तेथे टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या कामाची महती मी काय सांगावी! तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना मानेतील गाठी हातास लागत नसतानाही काढून टाकाव्यात, की वर आल्यावर काढाव्यात, हा शल्यविशारदांतील वाद पन्नास वर्षे चालला होता. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मतांनी न सोडविता रोग्यांनी सोडविला. पहिल्या पाचशे रोग्यांच्या हिशेबात, गाठी आरंभीच काढलेल्यांपैकी शेकडा ८० तीन वर्षांनंतर हयात होते, तर वाट पाहिलेल्यांपैकी शेकडा ६७.५. २०१५ साली हा निकाल जाहीर झाल्याने सगळ्या जगातील शल्यगृहांस त्याची दखल घ्यावी लागली. त्याच रुग्णालयाने २०२३ साली दाखविले की डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे अतिमहाग औषध दर तीन आठवड्यांस अवघे वीस मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या लहानशा अंशाने, नेहमीच्या गोळ्यांबरोबर दिले तरी वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६ वरून ४३ वर जाते. आमच्या गरिबीला परवडेल असा प्रश्न आमच्याच डॉक्टरांना सुचला, यात मला नवल वाटत नाही. परदेशी औषधकंपनीला आपले औषध कमी खपावे असा प्रश्न कशाला पडेल?

याच संदर्भात एक कटू गोष्टही मांडतो, कारण स्वागताच्या भाषणात केवळ गोडवे गावेत असा दंडक मला मान्य नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने, १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचे निरनिराळे गट पाडून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पाहणी झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००९ साली सिद्ध झाले. तो निष्कर्ष अमोल आहे; पण तुलनेसाठी ज्या स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही, त्यांच्याविषयी पुढे तीव्र वाद झाला, आणि तो होणे रास्तच होते. खेड्यातील निरक्षर बाईच्या अंगठ्याला संमती समजणे सोपे असते. आपल्या परिषदेत आकड्यांची चर्चा होईल तेव्हा त्या आकड्यांत ज्यांनी आपला देह दिला, त्यांना शोधाचा लाभ आधी मिळाला की शेवटी, हेही कोणी तरी विचारावे अशी माझी अपेक्षा आहे.

आता यजमानाच्या हक्काने एक मागणे. उसाच्या फडात, ऊसतोड चालू असता, साप चावण्याचे प्रसंग आम्हांस नवे नाहीत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच प्रतिविष आपण वापरतो, आणि ते ज्या विषापासून बनते त्यातील बहुतांश तमिळनाडूतील इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते. सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या या जिल्ह्याला त्या संस्थेचे कौतुकच वाटेल. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते असे शास्त्रज्ञ सांगतात. मग आमच्या घोणशीच्या दंशाला ते प्रतिविष कितपत उतरते, किती बाटल्या लागतात, किती रोग्यांचे मूत्रपिंड निकामी होते, दंश झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत किती घटका वाया जातात आणि त्या कोठे जातात, याचे दप्तर या तालुक्यातील, राधानगरी-भुदरगडातील आणि सीमेपलीकडच्या निपाणीतील रुग्णालयांनी एकाच नमुन्याच्या कागदावर ठेवावयास काय हरकत आहे? सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागेल त्या कामांची यादी मोठी आहे. हे त्यांत मोडत नाही. तीन-चार पावसाळ्यांची अशी नोंद जमली तर तिच्यावर विचार करणारी माणसे याच सभागृहात बसलेली मला दिसत आहेत. त्या कागदाचा खर्डा दुपारच्या बैठकीत तयार व्हावा, अशी सूचना मी स्वागतसमितीच्या वतीने अध्यक्षमहाराजांच्या अवलोकनार्थ ठेवतो. नोंदवह्या छापून घेण्याचा खर्च समितीने उचलण्याचे मान्य केले आहे.

आपली उतरण्याची व्यवस्था आमच्या ऐपतीप्रमाणे केली आहे. तींत उणेअधिके आढळल्यास स्वयंसेवकांना रागवावे, त्यांना त्याची सवय आहे. भोजनाची तजवीज मागील मंडपात आहे. पांढरा रस्सा आणि तांबडा रस्सा दोन्ही आहेत, आणि रक्तदाबाचे तज्ज्ञ काय म्हणतील या धास्तीने आचाऱ्यास मीठ बेताने घालण्याची ताकीद दिली आहे. आता माननीय अध्यक्षमहाराजांनी स्थानापन्न होऊन परिषदेच्या कामकाजास आरंभ करावा, अशी मी त्यांना विनंती करतो.