वस्तीत शिरणारा कॅमेरा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा शब्दांकित पाठ)



शताब्दीच्या प्रदर्शनासाठी आपल्या शहराची छायाचित्रे मागविण्याचे ठरले, तेव्हा महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी समितीपुढे एक निराळाच विषय ठेवला. मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर वस्त्यांत हिंडावे आणि तेथील जीवन टिपावे, असे त्यांचे म्हणणे. समितीत अर्थातच दोन तट पडले, आणि यावर मराठीच्या प्राध्यापकाने बोलावे असे ठरले. ते का, हे मला अद्याप उमगलेले नाही. असो.

हा विषय आपल्याला परका आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. आपण माळव्यात राहतो. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे, आणि त्या व्यापारात इंदूरच्या पेढ्यांचेही हात ओले होत होते. मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत आजही सरकारी परवान्याने अफूची शेती होते. तिच्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. बोंडाला चिरा दिल्यावर जो चीक पाझरतो, त्यातून वेदना शमविणारे मॉर्फिन निघते आणि मॉर्फिनपासून हेरॉइन. त्याचेच अशुद्ध, भेसळीचे रूप म्हणजे ब्राउन शुगर, अर्थात गर्द.

‘गर्द’ हा शब्द मराठी वाचकाच्या मनात डॉ. अनिल अवचटांच्या लेखनाशी कायमचा जोडला गेला आहे. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांच्या प्रतिष्ठानाने साहाय्य दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. डॉ. अनिता अवचटांनी त्या संस्थेला आकार दिला. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंतु अवचटांच्या हातात वही होती, कॅमेरा नव्हता. लेखकाला नाव बदलता येते, गाव बदलता येते, दोन माणसांचे एक पात्र करता येते. छायाचित्रकाराला चेहरा बदलता येत नाही; आणि व्यसन सुटले तरी चेहरा तोच राहतो. दहा वर्षांनी त्या माणसाला मुलीचे लग्न जमवायचे असते.

ज्याच्या पाठोपाठ हे विद्यार्थी जाऊ पाहतात, तो कार्यकर्ता काय करतो? पुष्कळांची कल्पना अशी, की तो उपदेश करतो. उपदेश करणाऱ्याला त्या वस्तीत दुसऱ्यांदा कोणी उभे करीत नाही. तो नव्या सुया देतो आणि वापरलेल्या गोळा करतो, कारण एकाच सुईतून एचआयव्ही आणि कावीळ दोन्ही पसरतात. सुई टोचून टोचून चिघळलेल्या जखमा धुतो, पट्टी बांधतो. राजी झालेल्याला तो केंद्रावर नेतो. तेथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी परिचारिकेच्या डोळ्यांदेखत जिभेखाली ठेवायची असते, आणि ती रोज. मात्रा अधिक होऊन कोणाचा श्वास मंदावला, तर नॅलोक्झोन हे औषध त्याला काही मिनिटांत माघारी आणते. छायाचित्रकाराचा क्षण तोच. परंतु नॅलोक्झोनचा परिणाम साधारणतः अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, हेरॉइन मात्र अंगात शिल्लक असू शकते आणि श्वास पुन्हा बंद पडू शकतो. म्हणून कार्यकर्ता तेथेच बसून राहतो. हे बसून राहणे चित्रात यावे कसे, हा खरा कलेचा प्रश्न आहे, आणि तो सुईच्या चित्रापेक्षा कितीतरी अवघड आहे.

परदेशात या प्रश्नाशी कॅमेऱ्याने बराच झगडा केलेला आहे. युजीन रिचर्ड्स यांचे ‘कोकेन ट्रू, कोकेन ब्लू’ हे पुस्तक १९९४ मध्ये निघाले. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियामधील वस्त्यांची ती चित्रे पाहून झोप उडते. त्यांत चेहरे बहुतांशी कृष्णवर्णीयांचे व लॅटिन वंशीयांचे, म्हणून कडक टीकाही झाली. टीका अगदीच अनाठायी होती असे मला वाटत नाही. भयानकाचे दर्शन घडविताना भय कोणाचे वाटू लागते, हे पाहावेच लागते.

मला अधिक बोलायचे आहे ते कॅनडातील व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड या एकाच वस्तीविषयी. १९९७ मध्ये तेथील एचआयव्हीच्या प्रसारामुळे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. त्याच सुमारास लिंकन क्लार्क्स हा छायाचित्रकार त्या वस्तीतील व्यसनाधीन स्त्रियांची व्यक्तिचित्रे काढीत होता. कृष्णधवल, समोरासमोर, कॅमेऱ्याकडे रोखून पाहणाऱ्या स्त्रिया. २००२ मध्ये ‘हेरॉइन्स’ या श्लेषात्मक नावाने पुस्तक झाले. कोणी म्हणाले, याने त्यांना प्रतिष्ठा दिली. कोणी म्हणाले, याने त्यांच्या दैन्याचे सौंदर्य विकले. पुढे त्यांतील काही जणी त्या वस्तीतून नाहीशा झालेल्या स्त्रियांच्या यादीत आढळल्या. हे कळल्यावर ती चित्रे पूर्वीसारखी पाहता येत नाहीत, आणि ‘ती काढायलाच नको होती’ असे म्हणण्याची जीभही रेटत नाही.

२००३ मध्ये त्याच वस्तीत परिचारिकांच्या देखरेखीखाली सुई घेण्याचे ‘इनसाइट’ हे केंद्र उघडले. त्यावर खटला झाला आणि २०११ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालू ठेवावयास लावले. त्याच २००३ मध्ये पिव्हट लीगल सोसायटी या संस्थेने आणखी एक साधीच गोष्ट केली. वस्तीतील रहिवाशांना एकदाच वापरावयाचे स्वस्त कॅमेरे वाटले आणि सांगितले, तुमची वस्ती तुम्हीच टिपा. निवडक चित्रांची ‘होप इन शॅडोज’ ही दिनदर्शिका निघाली आणि ती रहिवाशांनीच रस्त्यावर विकली. विक्रीतला वाटा त्यांचा. परका छायाचित्रकार सहसा ज्यासाठी थांबत नाही, असे रोजचे जगणे त्या चित्रांतून लोकांसमोर आले. कलेच्या दृष्टीने सगळीच थोर आहेत असे नव्हे. काही तर धूसरच. पण ती त्यांची आहेत.

आता आपल्या विद्यार्थ्यांकडे वळू. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यान्वये सेवन हाही गुन्हा आहे. उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास ६४ अ या कलमाने काही सवलत दिली आहे. परंतु हातात सुई असलेल्या माणसाचे चित्र उद्या पुरावा होऊ शकते, हे विसरून चालणार नाही. एखाद्याची एचआयव्हीची बाधा त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. औषधकेंद्राच्या रांगेचे चित्रही कधी ते उघड करून बसते. आणि एका चित्रामुळे पोलीस आले, तर वस्ती छायाचित्रकाराला दोष देणार नाही, त्याला घेऊन आलेल्या कार्यकर्त्याला देईल. दुसऱ्या दिवशी सुया घ्यायला कोणी येणार नाही. कित्येक महिने खपून मिळविलेला तो विश्वास कार्यकर्त्याचा असतो. छायाचित्रकार तो उसना घेऊन वावरत असतो.

म्हणून माझे मत विरोधाचे नाही, मुलांनी जावे. पण पहिले काही आठवडे कॅमेरा घरी ठेवावा आणि सुयांचा डबा उचलावा. संमती नशेत घेऊ नये, आणि नशा उतरताना अंग मोडून येते, पाय ओढतात, तेव्हा तर मुळीच नको; त्या अवस्थेत शंभर रुपयांसाठी माणूस कशावरही सही करील. कोणत्या वेळी विचारावे हे कार्यकर्त्याला कळते, त्याचे ऐकावे. पाठमोरी आकृती, हात, रिकामी खाट, पट्टी बांधणारी बोटे यांतूनही माणूस दिसतो, हे मराठी कथेच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको.

समितीला माझी एकच विनंती आहे. प्रदर्शनाचे उद्घाटन पाहुण्यांच्या हस्ते व्हायचे तेव्हा होईल. त्याच्या आदल्या दिवशी, दालन बंद ठेवून, ज्यांची चित्रे आहेत त्यांना ती पाहू द्यावीत. जो ‘हे काढा’ म्हणेल त्याचे चित्र कारण न विचारता उतरवावे, आणि त्याची मूळ प्रत कोणाकडे राहील, कधी नष्ट होईल, हे आधीच लिहून ठेवावे. भिंतीवर किती चित्रे उरतील ते आज सांगता येणार नाही. कार्यक्रमपत्रिका छापावयास देण्यापूर्वी एवढे ठरावे.