एका वाद्यवृंदाचें स्वरांतर

आपल्या खानदेशांत 'बँड' हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें लग्नाची वरात उभी राहते. झगमगीत डगले ल्यालेले वादक, पुढें क्लॅरिओनेट आणि कर्णे, मागें ताशे, आणि त्यांवर वाजणारें एखादें अहिराणी गाणें. आजच्या भाषणाचा विषय असलेला बँड मात्र निराळ्या जातीचा आहे. त्यांतील गिटार विजेवांचून मुकी. दीपनगर हें गांवच मुळीं विजेच्या निर्मितीवर वसलेलें. तेव्हां या नादाविषयीं येथें चार शब्द बोलले गेले तर तें अस्थानीं होऊं नये.

दोन गिटारी, एक खर्जाची गिटार, ढोलांचा संच आणि गायक, एवढ्या सामग्रीवर उभें राहणारें जें 'रॉक' नांवाचें पाश्चात्य संगीत, त्याचें वेड मुंबईच्या तरुणांस १९६० नंतर लागलें. १९७० च्या सुमारास एका सिगारेटच्या नांवानें 'सिमला बीट' स्पर्धा भरत. त्यांतील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाहि निघाल्या. परंतु बहुतेक बँडांचा रिवाज एकच: विलायतेंत गाजलेलें गाणें जसेंच्या तसें वाजवावयाचें. नक्कल जितकी हुबेहूब, तितक्या टाळ्या अधिक. स्वतः रचलेलें गीत कोणी सुरूं केलें कीं श्रोत्यांची चुळबुळ सुरू होई.

अशा काळांत, १९८४ सालीं, मुंबईंत 'रॉक मशीन' हा बँड निघाला. उदय बेनेगल हे त्याचे गायक, महेश तिनईकर हे गिटारवादक, झुबिन बालापोरिया हे कळफलकाच्या वाद्यावर. या मंडळींनीं स्वतःचीं गाणीं रचून गाण्याचा हट्ट धरला आणि १९८८ मध्यें 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा संग्रह प्रसिद्ध केला. गाणीं स्वतःचीं खरीं, पण भाषा इंग्रजी, वेष अमेरिकन, आणि गिटारीचा झणत्कारहि तिकडचाच. १९९० च्या 'द सेकंड कमिंग'मध्यें सफाई आली. तथापि नाद उसनाच राहिला. शब्द आपले आणि आवाज दुसऱ्याचा, अशी ही विलक्षण स्थिति होती. नुसत्या नकलेपेक्षां ती बरी, हें मात्र कबूल केलें पाहिजे.

पुढें उपग्रहाच्या मार्गानें १९९१ पासून परदेशी दूरदर्शन घरोघर आलें. त्यावरील एम्. टी. व्ही. या संगीतवाहिनीनें १९९३ मध्यें यांच्या 'प्रेटी चाईल्ड' या चित्रगीतास आशियांतील प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार दिला. त्याच वर्षीं बँडानें आपलें नांव टाकून दिलें. नऊ वर्षें कमावलेलें नांव, तेंहि कीर्ति दाराशीं आली असतां सोडणें ही लहान गोष्ट नव्हे. पेढीवाला असें कधींच करणार नाहीं. नवें नांव पडलें 'इंडस क्रीड'. 'इंडस' म्हणजे सिंधु नदी. १९९५ सालीं याच नांवाचा संग्रह निघाला आणि त्यांत एतद्देशीय संगीताचे रंग मिसळूं लागले. हा मिलाफ सर्वत्र साधला असें म्हणवत नाहीं. पाश्चात्य चालींत देशी वाद्य आणून बसविलें म्हणजे तें कित्येकदां कोटावर बांधलेल्या फेट्यासारखें दिसतें. परंतु आपला आवाज कोणता, हा प्रश्न या मंडळींनीं उघडपणें स्वतःस विचारला, हें महत्त्वाचें.

त्या प्रश्नाचें उत्तर बाजारांत मिळालें नाहीं. हिंदी चित्रपटगीतांच्या महापुरांत इंग्रजी गाणाऱ्या देशी बँडास ग्राहक किती असणार? १९९७ मध्यें बँड मोडला. बेनेगल व गिटारवादक जयेश गांधी यांनीं पुढें न्यूयॉर्क येथें 'आम्स फॉर शांति' हा निराळा मेळ जमविला. इकडे धोबीतलावाजवळचें रंगभवन, जेथील खुल्या रंगमंचावर रॉकचे मोठमोठे जलसे होत, तेंहि २००३ मध्यें या नादास मुकलें. शेजारीं इस्पितळें व शाळा असल्यानें तो परिसर शांतताक्षेत्र ठरला. रुग्णांच्या बाजूनें पाहतां निर्णय योग्यच; पण एका पिढीचें आंगण त्यामुळें गेलें.

२०१० मध्यें बेनेगल, तिनईकर व बालापोरिया पुनः एकत्र आले. रुशाद मिस्त्री व जय रो कावी हे दोन तरुण वादक त्यांस मिळाले, आणि २०१२ मध्यें 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह बाहेर पडला. त्यांत पूर्वीचा आरडाओरडा नाहीं, देशीपणाची पाटीहि नाहीं. चाली लांबट, वळणें घेत जाणाऱ्या. गायकाचा गळा वयानें जड झालेला, आणि तो जडपणा लपविण्याचा यत्न कोठेंहि केलेला नाहीं. पहिल्या संग्रहाशेजारीं हा ठेवून ऐकला तर गायक एकच आहे हें ओळखण्यास क्षणभर वेळ लागतो.