शेवटच्या कडव्यातले नाव
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेले भाषण)



लोककवी वामनदादा कर्डक यांच्याविषयी बोलण्याची आज्ञा झाली आहे. दादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, आपल्याच जिल्ह्यातील, सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचा. त्यामुळे नाशिककरांना त्यांची ओळख आम्ही काय करून देणार? तरीही गीतकार म्हणून ते आम्हाला खऱ्या अर्थाने भेटले ते रेडिओवर, आणि तेही अवचित.

1990 च्या सुमारास आम्ही शाळेत होतो. एका रात्री घरात मुंबई केंद्र खरखरत लागले होते. जुनी चित्रपटगीते चालली होती. 'सांगत्ये ऐका' या 1959 च्या चित्रपटातील एक ठसकेबाज द्वंद्वगीत संपले आणि निवेदिकेने नाव घेतले, गीतकार वामन कर्डक. आम्ही भावंडे एकमेकांकडे पाहू लागलो. भीमजयंतीच्या मंडपात ज्यांची गाणी गायनपार्ट्या पहाटेपर्यंत गातात, तेच हे वामनदादा? वडील म्हणाले, "तेच. दुसरे कोण?" ज्या चित्रपटात गदिमांची गाणी, वसंत पवारांचे संगीत, त्यातच आपल्या दादांचे शब्द! त्या रात्रीपासून आम्ही त्यांची गाणी नुसती ऐकेनासे झालो. शब्द पाहू लागलो.

एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. दादा आपल्या गीताच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफतात, जसे तुकोबा अभंगात. चित्रपटगीतात ती सोय नाही. तेथे निवेदिकेने दोन शब्द उच्चारले नसते, तर ते गाणे आम्हाला बिननावाचेच राहिले असते. आम्ही बँकेत कारकुनी करतो. सहीशिवाय व्हाउचर पुढे सरकत नाही. आपल्या जयंतीत मात्र वेळ कमी पडला की नेमके शेवटचे कडवे गाळतात! गायकाला टाळ्या मिळतात, मिळाव्यातही; पण ज्याने शब्द दिले त्याची सहीच आपण खोडतो.

ती सही त्यांना सहज मिळालेली नव्हती. मुंबईत तरुणपणी एकाने पत्र वाचून दाखवा म्हटले, ते वाचता आले नाही, हे शल्य त्यांना लागले. मग त्या वयात त्यांनी अक्षरे गिरवली. 1943 साली पहिले गीत लिहिले आणि पुढे बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मचरित्र विद्यार्थ्यांनी मिळवून वाचावे. 1993 साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 15 मे 2004 रोजी ते गेले.

पण सारी गाणी काही पुस्तकांत आलेली नाहीत. कितीतरी गायकांच्या आणि घराघरांतील वह्यांत आहेत. आमच्या वस्तीतील एका आजींकडे अशी वही होती, नातवाकडून उतरवून घेतलेली. त्या गेल्यावर घर आवरताना ती रद्दीत गेली. आम्ही ती एकदाच चाळली होती. निळ्या शाईतले कच्चे अक्षर, आणि जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या शेवटी वामन.