तानूबाई बिर्जे : संपादकाच्या जागी



आजच्या व्याख्यानासाठी मी तानूबाई बिर्जे यांचे चरित्र निवडले आहे. बिर्जे हे आडनाव टिळकवाडीला परके नाही. तानूबाईंचे कार्य मात्र आपल्याला परके राहिले.

१८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत वाढविला. पुढे तो तानूबाईंचे पती वासुदेवराव यांच्या हाती आला. नंतर ते निवर्तले. विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावे, असा तो काळ. सत्यशोधक संस्कारांत वाढलेल्या तानूबाई संपादकाच्या जागी बसल्या आणि शेतकरी-कामकऱ्यांचे हे पत्र त्यांनी पुढे चालविले.

वृत्तपत्राच्या पहिल्या भारतीय स्त्री-संपादक म्हणून त्यांचा गौरव होतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यांनी पेललेला अधिकार : काय छापावे आणि काय वगळावे, हे ठरविण्याचा.

तानूबाईंना ती जागा पतिनिधनानंतर मिळाली. शाळा मुलींना लेखन-वाचन देते. परंतु निर्णयाची खुर्ची त्यांना केवळ गुणांवर मिळावी, हे पाहणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. या स्मृतिदिनी त्याचे स्मरण ठेवू या.