जळक्या ऑइलचं काय करायचं?

समोर गॅरेज चालवणारी बरीच मंडळी दिसताहेत. म्हणून लघुउद्योगांच्या सगळ्याच घातक कचऱ्याचा पसारा आज मांडत नाही. तुमच्या हाताखालून रोज जाणाऱ्या जळक्या ऑइलबद्दल बोलतो.

गाडीतून काढलेलं हे ऑइल पुढे कुठे जातं, ते तुम्हाला ठाऊक आहे. काँक्रीट चिकटू नये म्हणून सेंट्रिंगच्या फळ्यांना, वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना, नाहीतर एखाद्या भट्टीत. उरलंसुरलं गटारात. या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूचे कण असतात, इंधनाच्या ज्वलनातून आलेली, कर्करोगाचा धोका असलेली द्रव्यं असतात. फळीला ते फासणाऱ्या मजुराच्या हातात मोजेही नसतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं, कारण यातलं काहीच अटळ नाही.

इंजिनात मूळ तेल फारसं खर्ची पडत नाही. त्यात घातलेली रसायनं संपतात आणि घाण साचते. पाणी काढून, कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून, शुद्ध करून त्याचं पुन्हा बेस ऑइल होतं. मात्र त्यात दुसरं काही मिसळलेलं नको. आपल्याकडे ब्रेक ऑइल, कूलंट, पार्ट धुतलेलं थिनर, सगळं एकाच पिंपात पडतं आणि चांगला माल तिथेच बिघडतो. ऑइलचं पिंप वेगळं ठेवा, झाकणाचं, छपराखाली, पक्क्या फरशीवर. त्यावर नाव आणि तारीख घाला. सांडलं तर पाणी मारू नका, लाकडाचा भुसा टाका आणि तो भुसाही घातक कचऱ्यातच ठेवा. फिल्टर पूर्ण निथळू द्या. जुन्या बॅटरीतलं ॲसिड कधीही ओतू नका. बॅटरी अख्खीच विक्रेत्याकडे परत द्या. 2022 च्या नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. वापरलेल्या ऑइलसाठीही तशीच जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून आली.

2016 चे घातक कचऱ्याचे नियम सांगतात की साठा साधारण 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये आणि परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्रालाच द्यावा. कागदावर हे ठीक आहे. पण पिंपभर ऑइलसाठी टँकर कोण पाठवणार? भंगारवाला मात्र दारात येतो, रोख पैसे देतो. त्याला दोष देऊन काही साधणार नाही. प्रशिक्षण आणि परवाना देऊन त्यालाच संकलक करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर तुमच्या संघटनेने एक करावं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेला संकलक गाठावा, महिन्यातला एक वार ठरवावा आणि त्या दिवशी त्याची गाडी गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजपुढे थांबेल अशी व्यवस्था करावी. गाडीत ऑइल ओतण्याआधी परवाना पाहा. किती लिटर दिलं त्याची पावती घ्या आणि ती जपून ठेवा.