भाड्याची कॅसेट आणि कपाटातली कॅसेट
(गणेशोत्सवात मंडळातर्फे केलेले भाषण)



१९८० च्या दशकात आपल्या इंदुरात मुंबई दूरदर्शनचे मराठी कार्यक्रम दिसत नसत. मराठी चित्रपट टॉकीजला क्वचितच लागे. त्या काळी व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणलेली कॅसेट हाच आपला मराठी पडदा होता. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आपल्यापैकी कितीतरी जणांनी शेजाऱ्यांच्या बैठकीत, सतरंजीवर दाटीवाटीने बसून पाहिला.

पुढे केबल आली, सीडी आली. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि मराठी घरबसल्या दिसू लागले. आपल्याकडची दुकाने तेव्हाच मोडकळीस आली. उरलीसुरली कसर मोबाईलने भरून काढली.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लॉकबस्टर’ची २००४ च्या सुमारास जगभर नऊ हजारांवर दुकाने होती. कॅसेट उशिरा परत केली की दंड, आणि त्या दंडाची कमाई मोठी. ‘नेटफ्लिक्स’ने टपालाने डीव्हीडी पाठवताना तो दंडच काढून टाकला. २००० मध्ये नेटफ्लिक्स पाच कोटी डॉलरला विकायला तयार होती. ब्लॉकबस्टरने ती घेतली नाही. २००७ मध्ये नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि २०१० मध्ये ब्लॉकबस्टरने दिवाळखोरी जाहीर केली.

दुकान गेले याचे दुःख किती करायचे? सोय वाढली, हे खरेच. पण दुकानातली कॅसेट फळीवर तरी राहत असे. स्ट्रीमिंगवरचा चित्रपट हक्कांचा करार संपला की दिसेनासा होतो. आणि ज्याला गिऱ्हाईक नाही, ते तिथे मुळात येतच नाही.

आपल्या गणेशोत्सवातली नाटके तिथे कोण दाखवणार? आपल्या काका-मावश्यांनी महिनामहिना तालमी करून बसवलेल्या त्या प्रयोगांच्या कॅसेट आजही घराघरांतल्या कपाटांत आहेत. फीत ओलीने बुरसटते, वर्षांगणिक चित्र फिके पडते. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. जुनी यंत्रे चालू आहेत तोवरच हे काम होईल.

म्हणून आम्ही मंडळातर्फे विनंती करतो. दिवाळीपूर्वी आपल्याकडच्या कॅसेट आणून द्या. बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, तशीच आणा. सोबत चिठ्ठीवर वर्ष, नाटक आणि कलाकारांची नावे लिहा; नावे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. कार्यकर्ते त्यांच्या संगणकीय प्रती करून घेतील. एक प्रत मंडळाकडे, एक आपल्या घरी राहील. मूळ कॅसेट आपली आपल्याला परत मिळेल, आणि उशीर झाला तरी दंड नाही!

गणपती बाप्पा मोरया!