उशिरा छापलेली दुरुस्ती



1920 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखात रॉबर्ट गोडार्ड यांची खिल्ली उडवली: निर्वात पोकळीत अग्निबाण चालेल म्हणणाऱ्या या प्राध्यापकांना शाळेत शिकवतात तेवढेही ज्ञान नाही! वस्तुतः अग्निबाण हवेला रेटत नाही. मागे फेकलेल्या वायूच्या प्रतिक्रियेनेच तो पुढे जातो. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतलाच! 16 मार्च 1926 रोजी अमेरिकेतील ऑबर्नच्या एका शेतातून गोडार्डांनी द्रवइंधनाचा जगातील पहिला अग्निबाण सोडला. तो अडीच सेकंद उडाला, 41 फूट उंच. 1945 मध्ये ते निवर्तले. वृत्तपत्राने दुरुस्ती छापली ती 17 जुलै 1969 रोजी, अपोलो-11 चंद्राच्या वाटेवर असताना.

“एवढेही येत नाही?” असे मीही वर्गात विचारले आहे. ज्यांना विचारले, त्यांतील काही आज समोर बसले आहेत. त्यांची क्षमा आजच मागते.